रेडिमेड पफ पेस्ट्रीचे पार्टी पॅटीस: गोव्याच्या हवेत ते फुलवायचे कसे

डिसेंबर आला की सगळ्यांचं रडगाणं एकच असतं. रेडिमेड पफ शीट आणली, पाकिटावर लिहिलंय तस्संच केलं, तरी पॅटीस चपटे झाले, खालून ओले राहिले आणि फॅट वितळून ट्रेभर पसरलं. कार्निव्हलला तेच, आणि सांजावला (जूनमधला सेंट जॉनचा सण) तर विचारूच नका कारण तेव्हा पाऊस. पाकिटावरच्या सूचना चुकीच्या नसतात हो, पण त्या लिहिणाऱ्याने आपल्याकडची मे महिन्यातली दुपार, एका बाजूला गॅसवर शाकुती शिजतेय आणि दुसऱ्या बाजूला ओट्यावर तुम्ही शीट उलगडताय, हे काही धरलेलं नसतं.

आत काय होतं तेवढं समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. पफ पेस्ट्री म्हणजे मैद्याचे आणि फॅटचे पातळ पातळ थर एकावर एक. कडक ओव्हनमध्ये पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती थर वर उचलते, आणि मधलं फॅट थरांना एकमेकांना चिकटू देत नाही. आता हे फॅट ओव्हनमध्ये जायच्या आधीच ओट्यावर वितळलं तर ते पिठात मुरतं, थर उरतच नाहीत, मग वाफ उचलणार कशाला? बटर साधारण ३२ ते ३५ डिग्रीला वितळतं आणि उन्हाळ्यात आपलं स्वयंपाकघर तिथेच असतं. मार्जरीनवाली शीट थोडी जास्त सहन करते, पण थोडीच.

म्हणून सगळा खेळ तीन गोष्टींचा आहे: पीठ थंड, सारण थंड आणि कोरडं, ओव्हन मात्र कडक गरम. खालचा क्रम याच हिशोबाने लावलाय, तो मागेपुढे करू नका.

१. खरेदी: पाकीट बघून घ्या, आणि घरी कसं नेणार ते आधी ठरवा

पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, कुठल्याही बऱ्यापैकी सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये पफ शीट मिळते. कुठे चौकोनी तुकडे असतात, कुठे गुंडाळी, कुठे अख्खी लादी. पार्टीसाठी चौकोन किंवा गुंडाळी घ्या, लादी लाटावी लागते आणि लाटण्यात वेळ जातो म्हणजे पीठ गरम होतं. ओळखीचा बेकरीवाला असेल तर त्याला कच्चं पफचं पीठ देतो का विचारून बघा, पॅटीस रोज करणाऱ्यांकडे ते असतंच, देईल न देईल ते त्याच्या मनावर.

पाकीट हातात घेऊन दाबा. कडक दगड पाहिजे. आत बर्फाचे खडे खुळखुळत असतील किंवा शीट एका बाजूला गोळा झालेली असेल तर ती मधे कधीतरी वितळून परत गोठलेली आहे, ठेवून द्या परत. घटक पण वाचा, बटर आहे की मार्जरीन की नुसतं वनस्पती फॅट. चवीला बटरची भारी, पण एप्रिल-मे मध्ये पहिल्यांदाच करत असाल तर मार्जरीनची घ्या असं मी उघड सांगते, ती जास्त सांभाळून घेते.

पीठ सगळ्यात शेवटी उचलायचं, बिलिंगच्या आधी. पणजीहून स्कूटरवर फोंड्याला जायचं असेल तर वर्तमानपत्राच्या चार-पाच थरांत गुंडाळा किंवा थंड पिशवी न्या. मासे आणायचा बर्फाचा डबा सगळ्यांकडे असतो, पण त्यात नको, कितीही धुतला तरी बांगड्याचा वास पिठाला लागतो.

किती घ्यायचं: नंतर जेवण असेल तर माणशी २ ते ३ नग पुरे. नुसतं पेय आणि स्टार्टर असेल तर ५-६ धरा. साधारण २४ सेंटिमीटर चौरस शीटमधून ८ सेंटिमीटरचे ९ चौकोन निघतात किंवा ६ सेंटिमीटरचे १६. या हिशोबाने पाकिटं मोजा आणि एक जास्तीचं घ्या, राहिलं तर फ्रीझरमध्ये आहेच की.

२. आदल्या रात्री: पीठ फ्रीझरमधून फ्रिजमध्ये

बाहेर ओट्यावर ठेवायचं नाही! ही चूक सगळ्यात जास्त होते. बाहेर ठेवलं की वरचा पदर वितळून चिकट होतो आणि मधला भाग अजून बर्फ असतो, मग घडी उलगडताना तुकडे पडतात. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, ८ तासांत छान होतं.

आणि पाकीट फोडू नका. आपल्याकडे हवेत दमटपणा इतका असतो की थंड वस्तू बाहेर काढली की तिच्यावर पाणी धरतं, बियरच्या बाटलीवर धरतं तसं. ते पाणी पाकिटावर धरलं तर पुसून टाकता येतं, पिठावर धरलं तर पीठ चिकट झालंच म्हणून समजा. म्हणून फ्रिजमधून काढल्यावर आधी पाकीट कोरड्या फडक्याने पुसायचं, मग फोडायचं, आणि लगेच वापरायचं.

रात्री विसरलात? मग बंद पाकीट बाहेर १५ ते २० मिनिटं, पंख्याखाली नको, उन्हात तर नकोच, आणि उरलेलं वितळणं फ्रिजमध्ये.

तपासा: शीटची कड वाकवून बघा. न तडकता वाकली पाहिजे पण हाताला गार लागली पाहिजे. तडकली तर अजून १० मिनिटं. बोटाला तेलकट चकाकी लागली तर उलटं झालंय, १० मिनिटं फ्रीझरमध्ये टाका.

एकदा पूर्ण वितळलेली कच्ची शीट परत तशीच फ्रीझरमध्ये ढकलू नका. जास्तीची असेल तर फ्रिजमध्ये ठेवून एक-दोन दिवसांत संपवा.

३. सारण: इथेच निम्मे पॅटीस फसतात

हे पण आदल्या दिवशीच. सारण गरम असेल तर खालचं फॅट वितळतं, ओलं असेल तर तळ कच्चा राहतो. ताजं म्हणून संध्याकाळी करायला जाऊ नका, ते निवायलाच तासभर लागतो आणि तेवढा धीर पाहुणे यायच्या वेळी कुणाला असतो.

चोरीस, म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं तिखट-आंबट सॉसेज. पार्टीत पहिला संपतो तो हाच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माळा लटकवलेल्या असतात त्यातला घ्या किंवा नेहमीच्या माणसाकडचा. दोरा आणि वरची कातडी काढून मांस मोकळं करा. चोरीस मुरवलेला असला तरी कच्चं डुकराचं मांस आहे, ओव्हनच्या वीस मिनिटांवर सोडायचं नाही, आधी पूर्ण शिजवायचा. साधारण २०० ग्रॅमला अर्धी वाटी पाणी घालून झाकून मंद आचेवर शिजवा, मग झाकण काढून पाणी आटवा, एक मोठा कांदा बारीक चिरून त्यातच परता, वेगळं तेल लागतच नाही. आता कढई एका बाजूला कलती करा, लाल फॅट गोळा होईल ते चमच्याने काढून घ्या. सगळं काढा, मोह नको. (टाकू नका, उद्या त्यात अंडी फोडा.) मग एक मध्यम उकडलेला बटाटा कुस्करून घाला, तो उरलेलं फॅट धरून ठेवतो आणि व्हिनेगरचा आंबटपणा पण जरा खाली येतो. मीठ घालायचं नाही. शीटमध्ये थोडं असतं, चोरीसमध्ये भरपूर असतं.

सुंगटं, म्हणजे कोळंबी. लहान सुंगटं घ्या, मोठी असतील तर तुकडे करा. हळद-मीठ लावून गरम तव्यावर २-३ मिनिटं, रंग बदलून वळली की बस, आणि चाळणीत निथळत ठेवा. जे पाणी सुटतं ते इथे नको. मग रेशाद मसाला (लाल मिरची-व्हिनेगरचा गोवन वाटलेला मसाला) एक-दीड चमचा थोड्याशा तेलात परतून त्यात मिसळा. बाटलीतलं बालचांव (सुंगटांचं तिखट-आंबट लोणचं) वापरणार असाल तर ते आधी चाळणीत अर्धा तास ठेवा, तेल खाली गळू दे, बाटलीत अर्धं तेलच असतं.

मशरूम. सगळ्यांना वाटतं हे सोपं, आणि सगळ्यात जास्त पाणी यातच. बटण मशरूम मोठ्या आचेवर, कढईत गर्दी न करता, दोन वेळा करावं लागलं तर दोन वेळा. मीठ शेवटी. २०० ग्रॅम मशरूमचे अर्ध्याहून कमी होतात, तसे झाले नसतील तर पाणी अजून आत आहे. मिरपूड, किसलेलं चीज, आणि कालच्या पावाचा कोरडा चुरा दोन चमचे. पावसात ओळमी (रानातली मशरूम) मिळाली तर ती यात घालू नका हो, एवढी महागाची वस्तू मैद्यात लपवायची कशाला, तिचं सुकं करून भाकरीबरोबर खा.

श्रावण, सोमवार, किंवा घरात कांदा-लसूण नको असेल तर बटाटा-मटार, आलं-मिरची, लिंबू, कोथिंबीर, अगदी कोरडी भाजी. पनीरला काफ्रियालचा हिरवा मसाला पण मस्त लागतो, पण त्यात लसूण असतो हे लक्षात ठेवा. मसाला आधी परतून घट्ट करायचा, कच्चा मसाला पनीरला लावला की पाणीच पाणी. ओलं खोबरं घालू नका, चवीला छान पण आपल्या उष्म्यात सारण लवकर आंबतं.

तपासा: चमचाभर सारण टिश्यू पेपरवर ५ मिनिटं ठेवा. थोडा तेलाचा डाग चालेल. पाण्याचं कडं पसरलं तर परत कढईत. ही चाचणी टाळू नका, पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

शिजलेलं सारण पसरट ताटात पसरून निववा आणि फ्रिजमध्ये झाकून ठेवा. सुंगटं, मांस, पनीर यांचं सारण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही, आणि कडक उन्हाळ्यात तासाभरातच आत.

४. ओटा आणि हत्यारं आधी, पीठ नंतर

पीठ बाहेर काढल्यावर ब्रश शोधत बसायचं नाही. आधी सगळं मांडून घ्या: धारदार सुरी किंवा पिझ्झा कटर, काटा, ब्रश, ट्रेवर बेकिंग पेपर, थोडा मैदा, वाटीत पाणी, आणि वरून लावायला फेटलेलं अंडं किंवा दूध. कागद ओव्हनचा आहे ना ते बघा, डबे गुंडाळायचा स्वस्त बटर पेपर २०० डिग्रीला धूर करतो आणि चिकटतो पण.

ओटा थंड करायची सोपी युक्ती, मोठ्या स्टीलच्या ताटात बर्फ घालून ताट ग्रॅनाइटवर दहा मिनिटं ठेवा, मग खालची ओल अगदी कोरडी पुसा. गॅस बंद. आणि खरं सांगायचं तर एप्रिल-मे मध्ये सरळ एसीच्या बेडरूममध्ये टेबल लावून करा. घरचे हसतील, हसू दे, पॅटीस खाताना कुणी हसत नाही.

एका वेळी एकच शीट बाहेर. बाकीच्या फ्रिजमध्ये.

५. कापणं आणि भरणं

सुरी वरून खाली सरळ दाबायची, ओढायची नाही. ओढली की थरांच्या कडा एकमेकांत दाबल्या जातात आणि ती बाजू फुलत नाही, मग पॅटीस एका अंगावर कलंडलेला दिसतो. कारखान्याची बंद, गोल झालेली कड असेल तर पातळशी पट्टी कापून टाका, त्याच कारणासाठी.

मैदा अगदी चिमूटभर शिंपडा, जास्तीचा ब्रशने झटका.

त्रिकोण: ८ सेंटिमीटरचा चौकोन, मधे एक मोठा चहाचा चमचा सारण, त्याहून जास्त नाही. जास्त भरलं की फुटतो, आणि चोरीसचं लाल फॅट एकदा ट्रेवर आलं की शेजारचे चार पण खराब करतं. दोन कडांना पाण्याचं बोट फिरवा, दुमडा, आधी सारणाभोवतीची हवा काढा मग कड दाबा, काट्याने ठसे. वर सुरीच्या टोकाने दोन छोटे छेद, वाफ जायला.

पिनव्हील: पूर्ण शीटवर पातळ थर, मसाला किंवा चटणी आणि चीज, दूरच्या बाजूला २ सेंटिमीटर कोरी ठेवून घट्ट गुंडाळी. ही गुंडाळी लगेच कापू नका, चपटी होते! २० मिनिटं फ्रीझरमध्ये, मग दीड सेंटिमीटरच्या चकत्या. ओलं सारण यात अजिबात चालत नाही, रेशाद मसाला आणि किसलेलं चीज ही माझी आवडती जोडी, पण मसाला पुसट लावा, तिखट तर असतोच, आंबटपणा पण वर येतो.

कप: मफिन ट्रेच्या खळग्यात ६-७ सेंटिमीटरचा चौकोन, तळाला काट्याने टोचे मारायचे म्हणजे तळ फुगून सारण बाहेर ढकलत नाही. घाई असेल तर हेच करा, बंद करायची भानगडच नाही.

काड्या: उरलेल्या कडा आणि तुकडे याच्यासाठी. तुकडे गोळा करून मळायचे नाहीत, मळले की थर मेले. एकावर एक रचून हलकं लाटा, चीज आणि मिरपूड, पट्ट्या कापून पीळ द्या.

आता एक गोष्ट जी गोव्यातल्या पार्टीत फार कामाला येते. आपल्या पाहुण्यांत कुणी शाकाहारी असतं, कुणी डुक्कर खात नाही, कुणाला सुंगटांची अ‍ॅलर्जी असते. त्यामुळे आकारच ठरवून टाका: त्रिकोण म्हणजे चोरीस, कप म्हणजे सुंगटं, पिनव्हील आणि काड्या म्हणजे व्हेज. बेक झाल्यावर सगळे एकाच रंगाचे दिसतात, मग कोण फोडून बघणार? शाकाहारी नगांचा ट्रे वेगळा, ब्रश वेगळा, आणि वरून अंडं नाही, दूध. दुधात चिमूटभर साखर घाला म्हणजे रंग येतो. शीटच्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे का ते पण बघून ठेवा.

६. भरलेला ट्रे परत फ्रिजमध्ये, कमीत कमी २० मिनिटं

ही पायरी लोक गाळतात. हाताच्या उबेने पीठ मऊ झालेलं असतं, ते परत घट्ट होऊ द्या. मोठा ट्रे फ्रिजमध्ये मावत नसेल तर बेकिंग पेपर छोट्या ताटावर ठेवून त्यावर भरा, नंतर कागदासकट ट्रेवर सरकवा. दुपारी चारला भरून संध्याकाळी सातपर्यंत फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं, फक्त वरून सैल झाकण हवं म्हणजे पीठ सुकत नाही.

अंडं किंवा दूध मात्र ओव्हनमध्ये जायच्या अगदी आधी. आणि फक्त वरच्या पृष्ठभागावर. कापलेल्या बाजूंवर ओघळलं तर ते थरांना चिकटवून टाकतं आणि तिथे पॅटीस बांधल्यासारखा बसतो. अर्धा ब्रश वाटीच्या काठाला निथळून घ्यायचा.

७. ओव्हन

ओटीजीला (ओट्यावर ठेवायचा छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) वरचा आणि खालचा दोन्ही रॉड, २०० डिग्री, ट्रे मधल्या कप्प्यात. लाल दिवा विझला म्हणजे तापला असं समजू नका, त्यानंतर अजून दहा मिनिटं द्या. पंखा असलेला असेल तर १८० ते १९०. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शन मोडच पाहिजे, मायक्रोवेव्ह मोडला पीठ फुलत नाही, चामडं होतं आणि धातूचा ट्रे त्या मोडला चालत नाही तो वेगळाच ताप. एअर फ्रायरला १८० वर १० ते १२ मिनिटं आणि थोडे थोडेच नग, हवेच्या जोराने वरचे पदर उडतात.

घरगुती ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यात फरक असतो. ओव्हनचा छोटा थर्मामीटर मिळतो तो घेऊन टाका. नसेल तर पार्टीच्या आधी एकदा ट्रेवर ब्रेडच्या स्लाइस पसरून भाजा, कुठला कोपरा आधी काळा होतो ते कळेल, तो कोपरा मोकळा ठेवायचा.

लाईटचं काय? ओटीजी साध्या घरगुती इन्व्हर्टरवर चालत नाही, खूप वीज ओढतो. पावसाळ्यात पार्टी असेल तर निम्मा माल दुपारीच बेक करून, निवल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. मधेच गेली तर दार उघडू नका, आत उष्णता थोडा वेळ टिकते. पॅटीस फुलून रंग धरायला लागले असतील तर लाईट आल्यावर पुढे चालू. अगदी पहिल्या ४-५ मिनिटांत गेली आणि लवकर यायची लक्षणं नाहीत तर कागदासकट थंड ताटावर सरकवून फ्रिजमध्ये, थोडे कमी फुलतील पण फुकट जात नाहीत.

८. बेक करणं

आधी एकच नग. खरंच, एकच. छोटे असतील तर दोन. ते २० मिनिटं फुकट वाटतात पण सारण खारट आहे का, ओव्हन जास्त आहे का, फुटतोय का, सगळं कळतं, पन्नास नग जायच्या आधी.

मग ट्रे. दोन नगांत बोटाच्या दोन पेरांचं अंतर, दाटीवाटीने ठेवले तर वाफेत उकडतात. त्रिकोण आणि कपांना १८ ते २२ मिनिटं, पिनव्हीलला १५ ते १८, काड्यांना १० ते १२. पहिली १२ मिनिटं दार उघडायचं नाही, काड्या सोडून, त्यांना आठव्या मिनिटाला काचेतून बघा. दार उघडलं की वाफ आणि उष्णता जाते आणि अर्धवट उचललेले थर बसतात, बसलेले परत उठत नाहीत.

वरचा रंग लवकर आला तर घाबरून बाहेर काढू नका. हीच ती चूक, वरून सोनेरी आणि आत कच्चा मैदा. १८० वर आणा, ट्रे एक कप्पा खाली, अजून ५ मिनिटं.

तपासा: एक नग चिमट्याने उचलून तळ बघा. तळ पण तपकिरी आणि कडक पाहिजे, टिचकी मारली की कोरडा आवाज. पांढुरका आणि लवचीक असेल तर परत आत. पिवळा रंग पुरेसा नाही, गडद सोनेरी हवा.

दोन ट्रे एकदम घालू नका, ओटीजीत तर नाहीच. आणि दुसरा घाणा गरम ट्रेवर मांडायचा नाही, ओव्हनमध्ये जायच्या आधीच खालचं फॅट वितळतं. ट्रे एकच असेल तर नळाखाली थंड करून पुसा, पण आधी थोडा निवू दे, लाल गरम ट्रेवर पाणी मारलं तर तो वाकतो.

९. बाहेर काढल्यावर

लगेच जाळीवर. ट्रेवर राहिले तर स्वतःच्याच वाफेने खालून मऊ पडतात. जाळी नसेल तर गॅसच्या शेगडीवरचे स्टँड वापरा, पण शेगडी थंड असताना. पाच-सात मिनिटं थांबून मग वाढा, चोरीस आत फार गरम असतो, लहान मुलांना अजून जरा उशिरा.

गरम असताना डब्यात बंद करू नका, फॉइलने झाकू नका. थंड झाल्यावर मात्र उघडे ठेवू नका कारण आपल्या दमट हवेत ते तास-दोन तासांत नरम पडतात. नरम पडले तर ओव्हन १७० ला तापवून ५-६ मिनिटं, परत कुरकुरीत. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेला पॅटीस म्हणजे ओला रुमाल, करू नका. दुसऱ्याच्या घरी न्यायचे असतील तर पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाला टिश्यू, झाकण अर्धवट, आणि त्यांच्याकडे ओव्हन आहे का ते आधीच विचारा.

आठ वाजता पाहुणे असतील तर वेळापत्रक

आदल्या संध्याकाळी सारण करून निववून फ्रिजमध्ये, झोपायच्या आधी पीठ फ्रीझरमधून खाली.
दुपारी ३ ला ओटा, ट्रे, ब्रश सगळं तयार.
३:३० ते ४:३० एक एक शीट काढून भरणं, ट्रे लगेच फ्रिजमध्ये.
६:१५ ला ओव्हन चालू, ६:४० ला सॅम्पल.
७:०५ ला पहिला ट्रे, साधारण ७:३५ ला दुसरा.
८:०५ ला तिसरा, हा मुद्दाम उशिरा, कारण आपल्याकडे आठ म्हणजे साडेआठ, आणि गरम ट्रे समोर आला की बरं दिसतं.

ओव्हन लहान असेल तर मागे जाऊन दुपारीच एक घाणा काढून, निवल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि वाढायच्या आधी १७० ला गरम करा.

आठवडाभर आधी करून ठेवायचं असेल तर

भरलेले कच्चे नग ट्रेवर सुटे सुटे गोठवा, दगड झाले की पिशवीत भरून हवा काढून बंद करा, वर तारीख आणि आकाराचा अर्थ लिहा. चांगल्या फ्रीझरमध्ये महिनाभर चालतात. एका दाराच्या जुन्या फ्रिजमधला छोटा बर्फाचा कप्पा तेवढा कडक थंड नसतो, त्यात चार-पाच दिवसच, आणि लाईट बराच वेळ गेली असेल तर आधी चाचपून बघा. यासाठी शीट फ्रिजमध्ये फक्त उलगडण्यापुरती मऊ करायची, पूर्ण वितळून ओट्यावर तासभर लोळलेली नको.

बेक करताना वितळवायचे नाहीत. फ्रीझरमधून सरळ तापलेल्या ओव्हनमध्ये, वरून दूध किंवा अंडं, आणि वेळ ५ मिनिटं जास्त. सुंगटांचे असतील तर एक फोडून आत गरम झालंय का ते बघा, वरचा रंग फसवतो. बटाट्याचं सारण गोठवल्यावर थोडं रवाळ होतं आणि पाणी सोडतं, त्यामुळे गोठवायला मशरूम-चीज किंवा चोरीस बरे, आणि चोरीसमध्ये बटाट्याऐवजी पावाचा चुरा घाला.